मस्टर कोणाच्या हाती?

चळवळीच्या वर्तुळात सध्या एक नवे तत्त्वज्ञान मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. सभा, मोर्चे, धरणे, सत्याग्रह ही गेल्या शतकाची हत्यारे झाली. आता आंदोलन फोनवर उभे राहते, असे हे तत्त्वज्ञान सांगते. डॉ. राममनोहर लोहियांनी फावडे, मत आणि तुरुंग ही समाजवादी कार्यकर्त्याची तीन साधने सांगितली होती. त्यांत इंटरनेटचे चौथे साधन जोडावे, किंबहुना त्यालाच अग्रस्थान द्यावे, असा आग्रह धरणारे तरुण गोंदिया जिल्ह्यातही आहेत. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीतील अन्याय नागपूर-मुंबईच्या वृत्तपत्रांना दिसत नाही, हा त्यांचा अनुभव खराच आहे. परंतु खऱ्या अनुभवावरून चुकीचा निष्कर्ष काढला की चळवळीला चकवा लागतो, आणि चकवा लागलेला माणूस रात्रभर चालूनही असतो तेथेच राहतो.

दुसऱ्या बाजूला जुने कार्यकर्ते फोन म्हणजे निव्वळ थिल्लरपणा समजून त्याकडे पाठ फिरवतात. हे दोघेही एकाच चुकीचे भागीदार आहेत. चळवळीने फोन वापरावा की वापरू नये, या वादात दोघेही गुंतले आहेत. दरम्यान राज्यसंस्थेने आणि भांडवलाने तोच फोन श्रमिकांवर वापरावयास प्रारंभ केला, याची दखल दोघांनीही पुरेशी घेतलेली नाही. मजुराची हजेरी, धान उत्पादकाची नोंद, अंगणवाडीतील बालकाचे वजन हे सारे गेल्या काही वर्षांत कागदावरून उठून ॲपमध्ये गेले. इंटरनेटच्या युगातील गोंदियाचा खरा संघर्ष तेथे आहे.

खैरलांजीने काय शिकवले?

नव्या तत्त्वज्ञानाच्या बाजूने सांगता येईल असा सर्वांत सबळ दाखला याच भागातील आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने अमानुष हत्या केली. मोठ्या वृत्तपत्रांनी प्रारंभी या घटनेची जी दखल घेतली, ती गावातील खासगी भानगडीतून झालेल्या हाणामारीसारखी. सत्य बाहेर आले ते सत्यशोधन समित्यांच्या अहवालांमुळे, आणि हे अहवाल व मृतदेहांची छायाचित्रे इंटरनेटवरून, एसएमएसवरून हातोहाती पसरली म्हणून. १ नोव्हेंबर रोजी भंडाऱ्यात स्त्रियांचा मोर्चा निघाला आणि पाहता पाहता विदर्भ पेटला. कोणत्याही प्रस्थापित नेत्याने हाक दिलेली नव्हती. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. तत्कालीन गृहमंत्र्यांना या उद्रेकामागे नक्षलवाद्यांचा हात दिसू लागला. लोक आपल्या बुद्धीने रस्त्यावर येऊ शकतात, हे सत्ताधाऱ्यांना नेहमीच अविश्वसनीय वाटते.

येथपर्यंतचा इतिहास इंटरनेटच्या पुरस्कर्त्यांच्या बाजूचा आहे. त्यांनी पुढचाही वाचावा. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ आरोपींना दोषी ठरविले आणि पुढे त्यांपैकी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला, असे न्यायालयाने मानले नाही. ज्या हत्याकांडात जात उघड्या डोळ्यांनी दिसत होती, तेथे निकालपत्रात मात्र सूडबुद्धी उरली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. जातीचा मुद्दा तेथेही स्वीकारला गेला नाही. फाशी टळली याचे दुःख समाजवाद्याला असण्याचे कारण नाही. दुःख आहे ते जात कायद्याच्या दृष्टीने अदृश्य राहिली याचे. कुटुंबातील एकटे मागे राहिलेले भय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले, तोवर त्यांना जातीय अत्याचाराचा निवाडा मिळाला नव्हता.

असे का झाले? पहिल्या दिवसापासूनचा पंचनामा, लावलेली कलमे, साक्षीदारांना दिलेला आधार, तारखेमागून तारखेला न्यायालयात हजर राहणारे कार्यकर्ते या सर्वांची तेथे गरज होती. छायाचित्राने लाखो लोक जागे केले. परंतु दोन वर्षे चाललेल्या खटल्याच्या बाकावर बसण्यासाठी संघटना लागते, आणि ती छायाचित्रातून जन्माला येत नाही. इंटरनेटने बातमीवरील मक्तेदारी मोडली, हे निर्विवाद. त्याने न्याय मिळवून दिला, असे म्हणण्याचे धाडस खैरलांजीच्या शेजारच्या जिल्ह्यात तरी कोणी करू नये. आणि ज्या वाटेने सत्य धावते त्याच वाटेने असत्य अधिक वेगाने धावते, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने १ जुलै २०१८ रोजी दाखवून दिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवर फिरत होत्या आणि भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसे जमावाने ठेचून मारली. फोनला स्वतःचा विवेक नसतो.

मालगुजारीची नवी आवृत्ती

हे साधन कोणाच्या मालकीचे आहे, हा पुढचा प्रश्न. उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न विचारावयास समाजवादी विसरले, तर तो कोण विचारणार?

फेसबुक कंपनीने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले. त्याच कंपनीने एप्रिल २०२० मध्ये, सारा देश टाळेबंदीत असताना, जिओ प्लॅटफॉर्म्समधील ९.९९ टक्के वाटा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला. ज्या तारेवरून निरोप जातो ती तार आणि ज्या पेटीत तो पडतो ती पेटी, या दोहोंचे मालक असे एका बैठकीला बसले. या धंद्याचे अर्थशास्त्र साधे आहे. वापरणाऱ्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत. त्याचा वेळ, त्याचे लक्ष आणि त्याच्याविषयीची माहिती जाहिरातदाराला विकावयाची. ज्या मजकुराने माणूस अधिक काळ खिळून राहतो तो मजकूर पुढे ढकलावयाचा. संताप माणसाला खिळवून ठेवतो, म्हणून संताप पुढे येतो. संतापाचे कारण दूर व्हावे, यात कंपनीला काडीचाही रस असण्याचे कारण नाही.

गोंदियाच्या वाचकाला हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथांची आवश्यकता नाही. त्याने मालगुजारी पाहिली आहे किंवा वाडवडिलांकडून ऐकली आहे. कोहळ्यांच्या कौशल्याने आणि गावाच्या श्रमाने तलाव उभे राहिले, आणि मालकी मात्र मालगुजाराची. कूळ राबत होते, हिस्सा वर जात होता. फेसबुकवर रात्रंदिवस लिहिणारा कार्यकर्ता हा अशाच नव्या मालगुजाराचे कूळ आहे. शेत त्याचे नाही, बांध त्याचा नाही. पीक तो काढतो. आणि बेदखलीची नोटीसही लागत नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या मागणीवरून ट्विटरने भारतातील सुमारे २५० खाती अडविली. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांचे किसान एकता मोर्चाचे खातेही त्यांत होते. काही तासांत ती पुन्हा खुली झाली, ती मालकाच्या मर्जीने.

मालगुजारी १९५१ साली संपली. तलाव सरकारकडे आले आणि लोक त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव, ‘मामा तलाव’ म्हणतात. मालक बदलला, पण गाळ उपसण्याचा अधिकार आणि निधी गावाकडे आला नाही. म्हणून कित्येक तलाव गाळाने भरून गेले. हा धडा महत्त्वाचा आहे. खासगी कंपनीऐवजी उद्या सरकारी कंपनीचे ॲप आले, एवढ्याने प्रश्न सुटणार नाही. कारण सरकारी ॲप आलेलेच आहे.

फडमुन्शी आणि ॲप

तेंदूपाने गोळा करणाऱ्या बाईला फडमुन्शी ठाऊक असतो. दिवसभर उन्हात तोडलेल्या पानांची पुडकी ती फडावर मांडते. मुन्शी मोजतो, काही पुडकी खराब म्हणून बाजूला टाकतो आणि वहीत आकडा लिहितो. पिढ्यान्‌पिढ्यांची लूट या आकड्यात झाली. परंतु तेथे मुन्शी समोर असतो. त्याच्याशी भांडता येते, चार बाया जमून वही दाखव म्हणता येते, मोजणीच्या वेळी संघटनेचा माणूस उभा करता येतो. वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातील ग्रामसभा स्वतः तेंदूपाने विकू लागल्या तेव्हा ही वहीच गावाच्या हाती आली, आणि त्यातच त्या लढ्याचे खरे यश आहे.

आता रोजगार हमीकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली देशाने तो मार्ग स्वीकारला. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने कामावरील मजुरांची हजेरी ॲपवरून, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेणे सर्वत्र सक्तीचे केले. भ्रष्टाचार थांबावा, हे कारण सांगितले गेले. जेथे रेंज मिळत नाही तेथे छायाचित्र चढत नाही, छायाचित्र चढले नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. माती खोदल्याचा पुरावा समोर पडलेला असतानाही मजूर गैरहजर! आणि भ्रष्टाचार थांबला काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना परिपत्रक काढून कळविले की, असंबद्ध छायाचित्रे आणि छायाचित्रांची छायाचित्रे चढविली जात आहेत. चोर शिकला, उपाशी राहिला तो प्रामाणिक मजूर. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. जुन्या कायद्यातील हमी पातळ झाली. यंत्राची पाळत मात्र टिकून राहिली.

धान उत्पादकाची स्थिती निराळी नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद तलाठ्याने करावयाची ती शेतकऱ्याने आपल्या फोनवर करावी, असे ठरले. पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत केंद्रावर धान विकावयाचे तर ऑनलाइन नोंदणी हवी, सातबारावर पीक चढलेले हवे, आधार आणि बँकखाते जुळलेले हवे. यांतील एक दुवा निखळला की तोच धान हमीभावाखाली व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. कामाचा भार शासनाने शेतकऱ्यावर टाकला आणि चुकीचा दंडही त्याच्याच माथी मारला. जुन्या काळी तलाठ्याच्या दारात धरणे धरता येत होते. आता तलाठी म्हणतो, ‘ॲप घेत नाही’. तहसीलदार म्हणतो, ‘सर्व्हर पुण्या-मुंबईचा’. आणि पुण्या-मुंबईत कोण बसले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. सत्तेने स्वतःला असे दिसेनासे करून घेणे, हेच या तंत्राचे राजकारण होय.

फोन परत करणाऱ्या स्त्रिया

इंटरनेट युगातील महाराष्ट्राचे सर्वांत अर्थपूर्ण आंदोलन कोणते, असे विचारले तर उत्तर हॅशटॅगांत शोधू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन सरकारला परत केले. ते त्यांना २०१९ मध्ये मिळाले होते. दोन जीबी रॅमचे हे फोन तापत, अडकत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच अंगावर येई. त्यात केंद्राचे पोषण ट्रॅकर हे ॲप आले, आणि तेही इंग्रजीत! मराठीतून शिकलेल्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांनी इंग्रजीत माहिती भरावी, आणि भरली नाही तर मानधन कापले जाईल, असा हा कारभार होता. कृती समितीच्या हाकेवरून प्रकल्प कार्यालयांत फोनांचे ढीग लागले.

या स्त्रियांना यंत्राचे भय होते, असा कांगावा त्या वेळी झाला. त्यांची मागणी काय होती ते पाहावे. चांगला फोन द्या आणि मराठी ॲप द्या, ही ती मागणी. बालकांच्या नोंदी त्या वर्षानुवर्षे ठेवीतच होत्या. ते काम त्यांनी नाकारले नाही. साधन कोणते असावे, त्याची भाषा कोणती असावी आणि त्याच्या दोषाची किंमत कोणी मोजावी, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी मागितला. श्रमिकाने यंत्राशी कसे वागावे याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुढे ॲपमध्ये भारतीय भाषा आल्या. फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला आणि तो जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. हे सारे एका पोस्टने झाले नाही. वर्गणीची पावती, बीटवार बैठका, तालुक्याचे मोर्चे आणि मुंबईचे आझाद मैदान, या जुन्याच मार्गाने झाले. निरोप मात्र फोनवरूनच गेले, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

लढा संपलेला नाही. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार घेण्यासाठी मातेचा चेहरा यंत्राने ओळखणे सक्तीचे झाले. ओळख पटली नाही तर बालकाचा आहार अडतो. सेविका त्या आईला जन्मापासून ओळखते. सरकारला सेविकेची ओळख पुरेशी वाटत नाही. येथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, माणसाच्या साक्षीवर यंत्राने कुरघोडी करावी काय?

दिल्लीच्या सीमेवरील किसान आंदोलनाचा दाखलाही फोनच्या पुरस्कर्त्यांकडून नेहमी दिला जातो. तो त्यांच्या विरुद्ध जातो. जानेवारी २०२१ च्या अखेरीस सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे सरकारने इंटरनेट बंद केले. आंदोलन थांबले नाही, कारण ते गावागावांतील वर्गणीवर, लंगरवर आणि युनियनच्या शिस्तीवर उभे होते. आंदोलकांनी डिसेंबर २०२० पासून ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे छापील पत्रही काढले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेतले गेले. ज्यांचे सर्वस्व फोनवर आहे, त्यांचे आंदोलन मात्र एका सरकारी आदेशाने संपते.

शिवाय गोंदियासारख्या जिल्ह्यात एक जोखीम अधिक आहे. पालघरमध्ये २०१२ साली मुंबईच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडले म्हणून दोन तरुणींना अटक झाली. ज्या कलमाखाली हे घडले ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. वृत्ती रद्द झाली नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. नक्षलग्रस्त म्हणून ज्या तालुक्यांकडे वर्षानुवर्षे संशयाने पाहिले गेले, तेथे कार्यकर्त्याच्या फोनमधील नावांची यादी म्हणजे तपासयंत्रणेला आयते मिळालेले मस्टरच. जो कार्यकर्ता ग्रामसभेतील साध्या माणसाला अशा ग्रुपमध्ये न विचारता ओढतो, तो त्याच्यावर संकट ओढवू शकतो.

कार्यक्रम

चळवळीने आता काय करावे? राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेऊन मस्टर भरचौकात वाचून दाखविण्यास प्रारंभ केला. मेलेल्या माणसांची हजेरी आणि न झालेल्या कामांची बिले लोकांनी ऐकली. त्या वाचनातूनच माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली आणि २००५ साली देशाला कायदा मिळाला. कागदावरच्या मस्टरसाठी जे झाले ते ॲपमधील मस्टरसाठी होऊ शकते.

पहिली मागणी अशी की, मजुरी, शिधा, बालकाचा आहार आणि धानाची हमीभावाने खरेदी यांपैकी कोणताही हक्क केवळ ॲपवर अवलंबून असता कामा नये. कागदी नोंद समांतर चालावी आणि तिची सहीची प्रत श्रमिकाच्या हाती पडावी. दुसरी, यंत्र बंद पडले तर त्याची जबाबदारी ज्याने यंत्र आणले त्याची. बुडालेली मजुरी व्याजासह खात्याने द्यावी. तिसरी, ॲपमध्ये भरलेल्या प्रत्येक गावाच्या नोंदी दर महिन्याला छापून ग्रामसभेत मराठीत आणि जेथे आवश्यक तेथे गोंडीत वाचल्या जाव्यात, आणि ग्रामसभेने दुरुस्त केलेली नोंद यंत्रातील नोंदीपेक्षा श्रेष्ठ मानली जावी.

संघटनेनेही स्वतःला काही नियम घालून घ्यावेत. बैठक झाल्याशिवाय पोस्ट नाही. सभासदांची नोंदवही कागदावर, पावतीपुस्तकासह. प्रत्येक गावात फोन वाचता येणारा एक आणि मस्टर वाचता येणारी एक, अशी दोन माणसे तयार करावीत; दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि त्यास अधिक मान असावा. तरुणांनी आपले कौशल्य येथे लावावे. ई-पीक पाहणीत नाव चढले नाही अशा शेतकऱ्यांची यादी करणे, गैरहजर दाखविलेल्या मजुरांचे अर्ज भरणे, माहितीच्या अधिकारात नोंदी मागविणे ही कामे फोन जाणणारा तरुण जुन्या कार्यकर्त्यापेक्षा दसपट वेगाने करू शकेल. या कामांना टाळ्या पडत नाहीत आणि अंगठे उचलले जात नाहीत.

१९५४ साली भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि त्यांच्याबरोबर राखीव जागेसाठी उभे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. या मातीतील समाजवाद्यांनी त्या निकालाचे शल्य जपले पाहिजे. साधनांची कमतरता म्हणून बाबासाहेब हरले नाहीत. मतदाराच्या मनातील जात मोडण्याचे काम अपुरे राहिले म्हणून हरले. ते काम तेव्हा दारोदार जाऊन करावयाचे होते. आजही ते तसेच करावयाचे आहे, आणि येत्या हंगामात धानाची नोंदणी सुरू होईल तेव्हा प्रत्येक केंद्रावर वही घेऊन बसलेला एक कार्यकर्ता दिसला, तर त्याचा आरंभ झाला असे समजावे.